अण्णांचं हेल्मेट

आधी दोन प्रश्न विचारते. तुमच्या घरातलं हेल्मेट आत्ता कुठे आहे? दारामागच्या खिळ्याला, चपलांच्या रॅकवर, की गाडीच्या आरशाला लटकलेलं? आणि दुसरा प्रश्न, ते आजवर कितीदा आपटलंय?

काही महिन्यांपूर्वी मला कुणी हे विचारलं असतं तर मी हसले असते. हेल्मेट ते हेल्मेट, त्याचा काय हिशोब ठेवायचा! पण एका शनिवारी बंगळुरूच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये गेले आणि तिथून परतताना घरी फोन करायला माझे हात शिवशिवत होते. का, ते सांगते.

मी मूळची निपाणीची. बीए इंग्लिश केलं आणि कंटेंट रायटर म्हणून बंगळुरूला आले. गाद्या, विमा, मोबाईलची कव्हरं, जे येईल त्यावर लिहिते. पण नातेवाइकांच्या दृष्टीने बीए इंग्लिश झालेली मुलगी म्हणजे घरची फुकट प्रूफरीडर! माझा मावसभाऊ इथेच एमटेक करतोय. दादा एक दिवस म्हणाला, ‘‘रिपोर्ट लिहून झालाय, फक्त इंग्लिश जरा गुळगुळीत करून दे.’’

रिपोर्ट उघडला आणि दुसऱ्या पानावर डोकं गरगरलं. विषय होता, काचेचे धागे आणि ताग यांचे थर रेझिनमध्ये बसवून केलेलं प्लास्टिक गाडीच्या बंपरमागच्या आडव्या पट्टीसाठी चालेल का. मी म्हटलं, ‘‘दादा, मला समजलंच नाही तर मी दुरुस्त काय करू?’’ तो म्हणाला, ‘‘मग शनिवारी लॅबला ये.’’

आधी एक गंमत सांगते. आपण मराठीत कुठल्याही कडक प्लास्टिकला सरसकट ‘फायबर’ म्हणून टाकतो. फायबरची खुर्ची, फायबरचा टब, फायबरची बादली. त्यात बहुतेक वेळा धागा नसतोच, नुसतं प्लास्टिक असतं. खरं फायबर म्हणजे धागा. काचेचा, कार्बनचा, तागाचा, घायपाताचा. तो धागा रेझिनमध्ये भिजवून घट्ट केला की तयार होतं धागेवालं प्लास्टिक, ज्याला इंजिनिअर लोक कॉम्पोझिट म्हणतात.

ही कल्पना काही नवी नाही. आपल्याकडे मातीच्या भिंतीच्या चिखलात भुसा किंवा पेंढा तुडवत. नुसती माती वाळली की भेगाळते, आणि नुसत्या पेंढ्याची तर भिंतच उभी राहणार नाही. दोन्ही एकत्र आले की पेंढा ओढ सोसतो आणि माती त्याला जागच्या जागी धरून ठेवते. धागा आणि रेझिन यांचंही अगदी असंच आहे.

दादाने मला त्याची सगळी कृती दाखवली. साच्याला आधी मेण लावायचं, म्हणजे माल चिकटत नाही. मग रेझिन आणि हार्डनर मिसळायचं. त्याच्या रेझिनला प्रमाण दहाला एक. ब्रशने एक हात द्यायचा, वर काचेच्या धाग्यांचं कापड, पुन्हा रेझिन, वर तागाचं कापड, पुन्हा रेझिन. प्रत्येक थरावर रोलर फिरवून आतली हवा बाहेर काढायची. मला तर आईच्या अळुवडीची आठवण झाली. पानावर पीठ, पिठावर पान. आणि हवा राहिली तर? अळुवडी तेलात सुटते, आणि इथे थर सुटतात.

घट्ट झालेल्या पाटीतून मग पट्ट्या कापतात. अडीचशे मिलिमीटर लांब, पंचवीस रुंद, शाळेच्या पट्टीएवढ्या. त्या यंत्राच्या दोन जबड्यांत धरून ओढतात. या यंत्राला सगळे ‘यूटीएम’ म्हणतात.

दादा म्हणाला, ‘‘शितावरून भाताची परीक्षा. अख्खी गाडी आपटण्याआधी आम्ही एक शीत तपासतो.’’

‘‘मग पाच पट्ट्या कशाला?’’

‘‘एकच शीत शिजलेलं असेल आणि बाकी भात कच्चा असेल तर?’’

म्हणून ओढ तपासण्याच्या नियमात एका प्रकारच्या किमान पाच पट्ट्या तोडायच्या असतात.

पहिली पट्टी लावली. पडद्यावर रेघ चढत गेली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग पट्टीतून बारीक आवाज यायला लागला, फोडणीत मोहरी तडतडावी तसा. मी दचकून मागे सरले. दादा म्हणाला, ‘‘आतले धागे तुटायला लागलेत.’’ बाहेरून पट्टी जशीच्या तशी होती! आणि मग एकदम ‘फाट्’. मध्येच तुटली आणि तुटलेल्या टोकाला धाग्यांच्या दशा निघाल्या.

दुसरी पट्टीही जवळपास तशीच तुटली. तिसरी मात्र फार लवकर गेली. चौथी आणि पाचवी पुन्हा पहिल्यासारख्या. दादाचा चेहरा उतरला. तो हळूच म्हणाला, ‘‘तिसरी सोडून देऊ. सरासरी खाली ओढतेय. तू फक्त लिही, सर्व नमुन्यांचे निकाल समाधानकारक आले.’’

आता खरं सांगते, मी ते वाक्य मनात तयारही केलं होतं. असली वाक्यं लिहिणं हेच तर माझं काम आहे. गादी कशीही असो, मी ‘ढगांसारखी मऊ’ लिहिते. त्यात मला कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

तेवढ्यात दादाचे गाइड असलेले सर आले. त्यांनी तुटलेली तिसरी पट्टी उचलून उजेडात धरली आणि आम्हाला दाखवली. तुटल्या जागी बारीक बारीक पोकळ्या होत्या. रोलर नीट न फिरल्याने आत राहिलेली हवा. सर म्हणाले, यंत्राच्या जबड्यापाशी तुटली असती तर पकडीचा दोष म्हणून बाजूला ठेवता आली असती. ही मध्येच तुटलीय. हिला काढायचं कारण काय? चार चांगल्या तुझ्या हातच्या आणि ही कुणाची?

दादा गप्प. मीही गप्प.

सर पुढे जे म्हणाले ते माझ्या शब्दांत सांगते. रस्त्यावर गाडी येते तेव्हा कुणाच्या वाट्याला पहिली पट्टी येईल आणि कुणाच्या वाट्याला तिसरी, हे सांगता येत नाही. चाचणी घ्यायची ती त्या तिसऱ्या माणसासाठी.

ओढण्याची चाचणी झाल्यावर वाकवण्याची, आणि मग धडक देण्याची. एक जड लोलक वरून सोडतात, तो खाली येऊन पट्टीला तोडतो आणि पलीकडे वर जातो. जितका कमी वर गेला, तितकी शक्ती पट्टीने खाल्ली. साधा झोपाळ्याचा हिशोब.

ही ‘शक्ती खाणं’ म्हणजेच अपघातातला सगळा खेळ. गाडीचा वेग दुप्पट झाला की धडकेची शक्ती दुप्पट नाही, चौपट होते. ताशी ६० किलोमीटरने भिंतीवर धडकणं म्हणजे साधारण १४ मीटर उंचीवरून, म्हणजे चार-पाच मजली इमारतीवरून खाली पडण्यासारखं. ती सगळी शक्ती कुठेतरी जायलाच हवी. गाडीच्या पुढच्या भागाने खाल्ली नाही तर ती आतल्या माणसांपर्यंत पोचते.

लोखंडी पत्रा ती शक्ती दुमडून खातो, तेलाचा डबा चेपावा तसा. धागेवालं प्लास्टिक दुमडत नाही, ते चुरडतं. तुम्ही कधी कडुलिंबाच्या काडीचं दातण केलंय? टोक चावलं की त्याचा कुंचला होतो. नीट बनवलेली कॉम्पोझिटची नळी धडकेत अशीच एका टोकापासून कुंचल्यासारखी फुटत जाते. थर सुटतात, धागे तुटतात, एकमेकांवर घासतात, आणि या प्रत्येक गोष्टीत थोडी थोडी शक्ती खर्च होते. वजनाच्या मानाने पाहिलं तर चांगली कार्बन फायबरची नळी पोलादापेक्षा जास्त शक्ती खाऊ शकते. मात्र ती टोकापासून सावकाश चुरडायला हवी. मध्येच काडकन मोडली तर काहीच उपयोग नाही. म्हणून अशा नळीचं एक टोक मुद्दाम तिरकं तासतात, म्हणजे फुटायला तिथूनच सुरुवात होते.

हे नुसतं पुस्तकातलं नाही. १९८१ साली मॅक्लारेनने फॉर्म्युला वनमध्ये कार्बन फायबरच्या सांगाड्याची गाडी उतरवली. अशी गाडी फुटून तुकडे होतील, असं तेव्हा अनेकांना वाटत होतं. त्याच वर्षी इटलीतल्या मोंझाच्या शर्यतीत जॉन वॉटसनची गाडी जोरात आदळली, इंजिन वेगळं होऊन बाजूला पडलं, आणि वॉटसन स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आला. त्यानंतर शंका घेणारे गप्प झाले.

आणि आपलं बंगळुरू? इथे तर फायबरच्या गाड्या त्याही आधी बनत होत्या! सिपानी यांची तीन चाकांची ‘बादल’ १९७०च्या दशकातली, आणि १९८२ची ‘डॉल्फिन’, इंग्लंडच्या रिलायंट किटनवरून घेतलेली दोन दारांची छोटी गाडी. दोघींचं अंग फायबर ग्लासचं. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि डॉल्फिन मागे पडली. पण एक लक्षात घ्या, डॉल्फिनचं फायबर म्हणजे वरचं कातडं होतं. भार सोसायला खाली लोखंडी चौकट होतीच. कातडं फायबरचं असणं वेगळं आणि जीव वाचवणारा सांगाडा फायबरचा असणं वेगळं. ‘फायबर बॉडी’ म्हणून कुणी काही विकायला आलं तर हा फरक आठवा.

याच शहरात ४ जानेवारी २००१ रोजी तेजस विमान पहिल्यांदा उडालं. त्याच्या सांगाड्याच्या वजनात सुमारे ४५ टक्के कॉम्पोझिट आहे. तिथेही सुरुवात अशा लहान पट्ट्यांपासूनच होते. आधी पट्टी, मग एखादा भाग, मग जोडलेले भाग, आणि शेवटी अख्खं यंत्र. गाड्यांचंही तसंच. आता आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ सुरू झालंय. त्यात गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर समोरून आदळतात आणि तारे देतात. जाहिरातीत आपल्याला ते तारे दिसतात, पण त्यामागे तोडलेल्या पट्ट्यांचा ढीग दिसत नाही.

निघताना सरांनी एक शेवटची गोष्ट दाखवली. तिनेच माझी झोप उडवली.

टेबलावर दोन पाट्या होत्या, दिसायला अगदी सारख्या. एकीवर आदल्या दिवशी वजन टाकलं होतं. मी हात फिरवून पाहिला, डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. फरक सापडेना. सरांनी खिशातून एक नाणं काढलं आणि पाटीवर टकटक करत पुढे सरकवलं. टण टण टण... आणि मध्येच बद्द. पुन्हा टण टण.

मला एकदम आजी आठवली. निपाणीच्या बाजारात माठ घेताना ती बोटाच्या पेराने असंच वाजवायची. कुंभार शपथा घ्यायचा, पण आवाज बद्द आला की आजी माठ खाली ठेवून पुढे चालायला लागायची.

आवाज बद्द येतो कारण आत थर सुटलेले असतात. पत्र्याला पोचा पडला की दिसतो. कॉम्पोझिट मात्र वरून साळसूद राहतं आणि आतून हरलेलं असतं. विमानाची तपासणी करणारे लोक आजही नाण्याने किंवा छोट्या हातोडीने असं वाजवून बघतात, आणि शंका आली की पुढे ध्वनिलहरींच्या यंत्राने तपासतात.

‘‘बाहेरून काहीही दिसत नाही,’’ असं सर म्हणाले आणि माझ्या डोळ्यांपुढे आमच्या घरातला दारामागचा खिळा आला.

गेल्या पावसाळ्यात तवंदी घाटाजवळ अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची स्प्लेंडर घसरली. गळपट्टीचं हाड मोडलं, पण डोक्याला काही झालं नाही. डोक्यात हेल्मेट होतं, ग्लास फायबरच्या कवचाचं. मी पहिल्या पगारातून घेऊन दिलेलं. हॉस्पिटलमध्ये अण्णा येईल त्याला सांगत होते, ‘‘पोरीच्या हेल्मेटनं वाचवलं.’’ आईने तर खंडेनवमीला गाडीबरोबर त्यालाही हळदकुंकू वाहिलं होतं.

आणि आता तेच हेल्मेट घालून माझा धाकटा भाऊ रोज कॉलेजला जात होता.

रात्री पीजीच्या गच्चीवरून फोन लावला.

‘‘अण्णा, ते हेल्मेट धाकट्याला देऊ नका.’’

‘‘का गं? काय झालंय त्याला? ओरखडासुद्धा नाही.’’

‘‘ओरखडा नसला तरी आतून गेलेलं असतं.’’

‘‘थांब.’’ फोनमध्ये टकटक ऐकू आलं. नाण्याची गोष्ट मी नुकतीच आईला सांगितली होती, आणि तिने ती लगेच पोचवली होती! ‘‘हे बघ, खणखणीत वाजतंय. तुझ्या पहिल्या पगाराचं आहे, असं टाकायचं व्हय?’’

काय बोलावं कळेना. हा वाद पैशांचा नव्हताच. अण्णांना ती वस्तू टाकायची नव्हती, कारण ती मी दिलेली होती. आणि ती टाका म्हणून सांगणारीही मीच होते.

मग मी शांतपणे सांगितलं. हेल्मेटचं खरं काम एकटं कवच करत नाही. कवच धडक पसरवतं. आतला थर्माकोल दबतो आणि डोकं थांबायला दोन-तीन सेंटिमीटर जागा देतो. क्रिकेटमध्ये झेल घेताना आपण हात मागे नेतो ना, तसं. पण हात पुन्हा पुढे आणता येतो, थर्माकोल एकदा दबला की परत फुगत नाही. तो एका अपघातापुरताच असतो. आणि घरी नाण्याने वाजवून यातलं काहीच कळत नाही. ते विमानाच्या जाणकारांचं काम.

अण्णा ऐकत होते, पण पटत नव्हतं. शेवटी धाकट्याला व्हिडिओ कॉलवर घेतलं. म्हटलं, ‘‘आतलं कापडी अस्तर काढ.’’ त्याने बटणं सोडवून अस्तर काढलं आणि टॉर्च लावला. उजव्या बाजूला, कानाच्या थोडं वर, थर्माकोल चपटा झालेला होता. त्यातून केसासारखी एक बारीक भेग गेली होती.

कुणीच काही बोललं नाही. आईने फक्त धाकट्याच्या पाठीवर हात ठेवलेला दिसला.

मग अण्णा म्हणाले, ‘‘म्हणजे याचं काम त्या दिवशीच झालं म्हण की.’’

दुसऱ्या दिवशी अण्णा स्वतः धाकट्याला घेऊन दुकानात गेले आणि दोन नवी हेल्मेट आणली. जुन्याचा पट्टा त्यांनी कात्रीने कापून टाकला, म्हणजे चुकूनही कुणी घालणार नाही. पण फेकलं मात्र नाही. ते आता कपाटावर आहे आणि या खंडेनवमीला त्याला पुन्हा हळदकुंकू लागेल. मला त्यात काही चूक वाटत नाही. निवृत्त माणसाचाही मान ठेवतातच ना!

दादाच्या रिपोर्टचं काय झालं? त्यात आता पाचही पट्ट्यांचे आकडे आहेत. तिसरी लवकर का तुटली, त्याचं कारण आहे, आणि तुटल्या जागेचा फोटोही आहे. सरासरी खाली आली. त्या परिच्छेदाचं इंग्लिश मीच लिहिलंय, एकही विशेषण न वापरता. मला सर्वांत जास्त वेळ तोच लिहायला लागला.

जाता जाता तुमच्यासाठी थोडक्यात. हेल्मेटवर आयएसआयची खूण बघा. १ जून २०२१ पासून त्याशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकायला परवानगी नाही. कानाच्या वरच संपणारं वाटीसारखं हेल्मेट घेऊ नका. हनुवटीखालचा पट्टा लावा, पट्टा नसेल तर हेल्मेट आधी उडतं आणि मग डोकं आपटतं. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट द्या. आणि अपघातात आपटलेलं हेल्मेट, ते कितीही नवं दिसो, कितीही महागाचं असो, कुणीही प्रेमाने दिलेलं असो, पुन्हा घालू नका. कुणाला वापरायला देऊही नका. २०२२ मध्ये आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यात सुमारे ५० हजार जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं.

आता वाचून झालं असेल तर एवढं करा. उठा, दारामागचं हेल्मेट काढा आणि घरातल्या सगळ्यांना विचारा, ‘‘हे कधी आपटलंय का?’’

खरं उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. आमच्याकडे एक वर्ष कुणी विचारलंच नव्हतं.